कुणालाच वाचता येणार नाही अशी लिपी

नवी लिपी तयार करायला मोठे विद्वान लागतात, असं वाटतं ना तुम्हाला? साफ चूक! मी एक लिपी वाटाणे सोलता सोलता केली. वाटाणे अर्धेच झाले, लिपी पुरी झाली!

माझी नात डायना चित्रं काढते. झाड नाही, माणूस नाही, नुसते रंग. यंदा तिनं आमचा अर्नाळ्याचा किनारा काढला. वर निळा पट्टा, खाली काळा चिखल, आणि त्या सगळ्यावर तिला हवी होती कुणालाच वाचता येणार नाही अशी लिपी. पण पोरगी काहीही काढायला गेली की त्याचा ‘क’ तरी व्हायचा, नाहीतर इंग्रजी ‘एस’ तरी.

“आजी, शाळेत जाऊन माझं डोकं बिघडलंय,” ती रडवेली झाली.

“मग माझं वापर! ते शाळेत फार गेलेलं नाही.”

परात बाजूला सारून मी स्केचपेन घेतलं. दोन टिंबांवर कमान, शेपटीवाली फुली, त्रिकोणात डोळा... हात थांबेचना! कुठून सुचत होतं, देवाला माहीत.

चित्र चांगलं व्हायलाच हवं होतं. कारण माझ्या मुलानं, म्हणजे डायनाच्या बापानं, रेमंडनं अट घातली होती. “आपल्यातलं एक जरी माणूस तुझ्या चित्रापुढं मन लावून उभं राहिलं, तर खुशाल चित्रं काढ. नाहीतर मुकाट्यानं बँकेच्या परीक्षेला बस.”

तोडगा मीच काढला. सणाची मिस्सा संपली की सगळं गाव चर्चच्या हॉलमध्ये जेवायला येतं. चित्र टांगलं थेट मटणाच्या पातेल्याशेजारी! त्या रांगेतला अर्नाळ्याचा माणूस भूकंप झाला तरी हलायचा नाही.

पहिलाच आला माझा चुलतदीर ऑगस्टीन. त्यानं चित्राकडं पाहिलं आणि गळाला लागलेल्या घोळ माशासारखा जागीच ताणला गेला.

“माजी निशानी इथं कोनी काढली?”

मी पुढं होऊन पाहिलं. कमान आणि दोन टिंबं! आमच्याकडं जाळ्याच्या तरंगत्या बोयांवर प्रत्येक घर आपली निशाणी रंगवतं, म्हणजे लांबूनच कळतं की तरंगतंय ते जाळं कुणाचं. लहानपणी बापाच्या होडीची वाट बघत मी किनाऱ्यावर त्याच निशाण्या बघत बसायची. माझ्या नव्या लिपीत एकही अक्षर नवं नव्हतं!

“आनि मी चिखलात?” ऑगस्टीन गरजला. “तो अँथनी खोल पान्यात आनि मी चिखलात?”

अँथनी त्याचा शेजारी, रांगेत त्याच्याच मागं. त्यानं छाती फुगवली. “पोरीला बरोबर ठावं हाय, मासा कोनाला मिलतो ते!”

“परवा तुज्या जाल्यात चप्पल मिलाली!”

“एक नाय, जोडी मिलाली!”

तोवर जयवंती कोळीण ताट आपटत पुढं घुसली आणि माझ्यावरच उखडली. “आनि आमची निशानी कुठाय? आमी काय अर्नाळ्याचे नाय? रोझलीनवयनी, हे तुजंच काम!”

रांग मोडली. मटण निवायला लागलं! जो तो चित्रावर बोट ठेवून आपली हद्द दाखवू लागला. डायना माझ्या कानाशी ओरडली, “आजी! तू म्हणालीस, मनातून काढलंय!”

“मनातच होतं गं,” मी पुटपुटले.

एवढ्यात गर्दी सारत रेमंड आला. संपलं, मी मनात म्हटलं, पोरगी बँकेत गेली! तो ओरडायला तोंड उघडून चित्रापुढं उभा राहिला आणि तोंड तसंच उघडं राहिलं. खालच्या कोपऱ्यात शेपटीवाली फुली होती. त्याच्या बापाची, माझ्या फ्रान्सिसची. फ्रान्सिस गेले, होडी विकली, रेमंड ऑफिसात लागला. त्यानंतर ती फुली आमच्या घरात कुणी काढलीच नव्हती. रेमंडनं ती बोटानं हळूच गिरवली. वाढणारी बाई त्याला हाका मारून थकली.

“डॅडी,” डायनानं भीत भीत विचारलं, “बँकेचा अर्ज कधी भरायचा?”

“अर्जाचं मरू दे!” रेमंड कडाडला. “आधी सांग, आपली निशाणी ऑगस्टीनकाकाच्या खाली का?”

अशी बँक टळली. पण डायनानं मला सक्त ताकीद दिली आहे.

“पुढच्या चित्रात एकही चिन्ह नको, आजी. नुसती एक आडवी रेघ. एका रेघेवरून कोण भांडणार?”

“कुणी नाही गं,” मी म्हणाले.

आडवी रेघ ही पाचूबंदर गावच्या क्लेटनच्या घरची निशाणी आहे. पण तो कुवेतला असतो. सणाला येईलच, असं काही नाही!