आटायला अर्धा इंच

रेडीमेड आपण वापरायचं नाही, एवढंच धनराज टेलरने ठरवलं होतं. ठरवलं तेव्हा त्याला ही बाब घरातल्या घरात मिटेल असं वाटलं होतं.

औरादच्या बसस्टँडमागे त्याचं दुकान. समोर रेडीमेड कपड्यांचं दुकान उघडल्यापासून त्या शब्दाशी त्याचं उभं वैर होतं. कुणी चुकून तो शब्द काढला की धनराज तोंडातल्या टाचण्या काढून टेबलावर ठेवायचा आणि सुरू व्हायचा, "अवो, देवानं दोन माणसं एका मापाची घडवली न्हाईत. मग कारखानेवाल्याला कसं ठाऊक तुमचं पोट केवढं हाय ते?"

त्याच्या दुकानातून आजवर तंग कपडा बाहेर गेला नव्हता. पोरगं वाढतंय म्हणून दोन बोटं, बसायला-उठायला सैल हवं म्हणून अर्धा इंच, धुतल्यावर आटेल म्हणून आणखी अर्धा. (पाचवीत शिवलेली चड्डी दहावीच्या निरोप समारंभाला घालून गेलेली मुलं औरादमध्ये अजून हयात आहेत.) शेजारच्या मशीनवर ब्लाऊज शिवणारी त्याची बायको विजयश्री अगदी उलट. ती टेपसुद्धा क्वचित लावायची. बाई दारातून आत येईपर्यंत तिचं माप विजयश्रीच्या डोक्यात पक्कं झालेलं असायचं आणि त्यात दोऱ्याचाही फरक पडायचा नाही.

तर झालं असं. विजयश्री दुसऱ्या मुलानंतर सात वर्षं गोळ्या खात होती आणि सात वर्षं डोकं धरून बसत होती. शेवटी दानेश्वरी डॉक्टरांनी तिचं बीपी पाहिलं, गोळ्या बंद केल्या आणि नवऱ्याला आत बोलावलं.

"आता तुमची पाळी," डॉक्टर म्हणाल्या. "सात वर्षं त्यांनी सांभाळलं. कंडोम वापरा. नीट मापाचा बघून घ्या, तंग नको आणि सैलही नको."

धनराजला खरोखर लाज वाटली. बायको डोक्याला बाम चोळून काजं करत बसायची, तेव्हा आपण तिला "लाईट कमी करू का?" एवढंच विचारत होतो, हे त्याला त्या खुर्चीत बसल्यावर आठवलं. आता ही जबाबदारी चोख पार पाडायची असं त्याने मनोमन ठरवलं. बिघडलं ते तिथूनच, कारण चोख म्हणजे काय हे त्याला एकाच पद्धतीने माहीत होतं.

विजयश्रीने घरी येताच मुदत घातली. "बुधवारी पोरं मामासंगं मादन हिप्परग्याला जायलीत, जत्रेला. चार दिवस. तोवर काय ते बघा. न्हाई तर मी बी जाते जत्रेला, माझी बी बॅग भरलेलीच हाय."

लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि दोन खोल्यांच्या त्या घरात चार दिवस मोकळे मिळण्याचा योग यापूर्वी आलेला नव्हता. धनराजने कॅलेंडरवरच्या बुधवारभोवती मापाच्या खडूने गोल काढला.

खरं तर उपाय घरातच होता. आरोग्य खात्याची आशा कार्यकर्ती शरणम्मा अक्का मागेच येऊन कंडोमची सरकारी पाकिटं देऊन गेली होती. विजयश्रीने ती बटणांच्या डब्यात ठेवली होती. धनराजने एक उचलून उलटसुलट पाहिलं. त्यावर माप नव्हतं.

"हे सगळ्यांना एकच?"

"व्हय."

"म्हणजे जिल्ह्यात जेवढे बाप्ये हायत, तेवढ्यांना?"

"तसंच दिसायलंय."

"हे तर रेडीमेड झालं!" धनराज म्हणाला आणि पाकीट डब्यात परत टाकलं.

मेडिकलमध्ये जाण्याचा प्रश्नच नव्हता. मेडिकलवाला हरिओम विजयश्रीचा मावसभाऊ. त्याच्यासमोर उभं राहून भावजींनी काय मागावं? (धनराज एकदा गेलाही होता. खोकल्याच्या गोळ्या घेऊन परत आला.) म्हणून त्याने मोबाईलवर शोधलं, आणि तिथे त्याचे डोळे दिपले. स्मॉल, मीडियम, लार्ज, एक्स्ट्रा लार्ज, आणि खाली स्वच्छ लिहिलेलं, आधी स्वतःचं माप घ्या. जगात कुठे तरी आपल्या विचारांची माणसं आहेत हे पाहून त्याला भरून आलं.

सोमवारी सकाळी अकरा वाजता विजयश्री दळणाला गेल्याचं पाहून धनराज टेप गळ्यात घालून ट्रायलरूममध्ये शिरला. ट्रायलरूम म्हणजे कोपऱ्यात दोरीवर टाकलेला पडदा. माप कोणत्या अवस्थेत घ्यावं हेही मोबाईलवर लिहिलं होतं. पण बाहेर मेथीवाली ओरडत असताना, समोरच्या दुकानात लाऊडस्पीकरवर सेल लागलेला असताना आणि पडद्याच्या फटीतून वारा येत असताना ती अवस्था येईना. धनराजने पाच मिनिटं वाट पाहिली. मग जे होतं ते मोजलं आणि जे नव्हतं ते आठवणीने धरलं. आता आठवणीने धरायचं म्हटल्यावर कोणता माणूस हात आखडता घेईल? त्यात अर्धा इंच सैलपणाला मिळवला. आणि हात सवयीचा, त्याने आणखी अर्धा इंच आटायला धरला. (आकडे इथे देत नाही. गिऱ्हाइकाचं माप चारचौघांत सांगायचं नसतं.)

तेवढ्यात बाहेरून हाक आली. "धनराज, हायस का रे?"

श्रीपतराव गुरुजी! अर्ध्या औरादला बाराखडी शिकवून निवृत्त झालेले. धनराजलाही त्यांनीच शिकवलेलं आणि त्याच्या हातावर अजून त्यांच्या पट्टीची आठवण होती.

"बसा गुर्जी! माप घ्यायलोय!"

"कुणाचं?"

"हाय एक गिऱ्हाईक!"

गुरुजींनी वाकून पाहिलं. पडद्याखाली एकाच माणसाचे पाय दिसत होते, पण त्यांच्या चष्म्याची एक काच फुटलेली असल्यामुळे त्यांनी वाद घातला नाही.

धनराज बाहेर आला, लालबुंद. माप डोक्यातून जायच्या आत लिहून काढायचं, ही वीस वर्षांची सवय. त्याने चिठ्ठी ओढली आणि लिहिलं: घेर इतका, लांबी इतकी, आटायला अर्धा धरला आहे. वर गिऱ्हाइकाचं नाव लिहायची रीत. गुरुजी मान पुढे काढून बघत होते. घाबरलेल्या माणसाच्या हातून समोर दिसेल ते नाव लिहिलं जातं. त्याने लिहिलं, श्रीपतराव.

"माझंच लिहायलास व्हय?" गुरुजी खूश झाले. "तुला कसं कळलं मी कामून आलोय ते? चष्म्याला गळ्यात अडकवायचं घर शिवून पायजे बाबा. तिसऱ्यांदा काच फुटली."

"व्हय गुर्जी. तेच लिवलंय."

"पण माझा चष्मा तर तू हातात घेतला न्हाईस."

"अंदाज हाय गुर्जी. वीस वर्षं काय उगंच शिवायलोय?"

"हुशार हायस," गुरुजी म्हणाले. चौथीत असताना त्यांनी हा शब्द त्याच्यासाठी कधी वापरला नव्हता. "ही चिठ्ठी खिळ्याला लावतो मी. न्हाई तर विसरशील." आणि त्यांनी ती स्वतःच्या हाताने ऑर्डरींच्या खिळ्याला टोचून ठेवली.

धनराजने आकडे मोबाईलवर भरले. तक्त्यातल्या सगळ्यांत मोठ्या मापाच्याही ते थोडे पुढे जात होते. त्याने सगळ्यांत मोठं मागवलं आणि तंग होईल की काय या काळजीत पडला. चिठ्ठी तो साफ विसरला.

मंगळवारी तो अस्तर आणि बटणं आणायला बीदरला गेला. संध्याकाळी एसटीतून उतरतो तर बसस्टँडच्या बाकावर श्रीपतराव गुरुजी बसलेले. आजूबाजूला सकाळी फिरायला जाणारी त्यांची म्हातारी मंडळी. आणि गुरुजींच्या गळ्यात, सोनेरी दोरीला, लांबलचक, गोल, मरून मखमलीची पिशवी.

"आला बघा धनराज! अरे, विजयश्रीनं काय झकास शिवलंय! चिठ्ठी बघितली आन् घंट्याभरात हातात दिलं. तुझ्याच मापानं, बरं का!"

धनराजला आता खिळ्यावरची चिठ्ठी आठवली.

"बघू, बघू," म्हणत गुरुशांतप्पा सावकारांनी ती पिशवी हातात घेतली, दाबून पाहिली आणि पुढे दिली. "अस्तर बी घातलंय आतून. मऊ हाय." सहा जणांनी ती हाताळली. एकाने त्यात तीन बोटं घालून पाहिली. धनराज हातातली बटणांची पुडी छातीशी धरून उभा होता. (खोटं कशाला बोला, मखमलीत ते माप एकंदर भारदस्त दिसतंय, असंही क्षणभर त्याच्या मनात आलं.)

"जरा ढिलं वाटायलंय," गुरुजी म्हणाले. "पण बघू वापरून."

बुधवार उजाडला. पार्सल सकाळीच आलं. साडेदहाच्या गाडीने मुलं मामाबरोबर मादन हिप्परग्याला गेली. विजयश्रीची बॅग मात्र दाराशी भरलेलीच होती. ती तिने मुद्दामच तिथे ठेवली होती. दीड वाजता धनराजने दुकानाचं शटर खाली ओढलं आणि मागच्या घरात आला. विजयश्रीने मोगऱ्याचा गजरा माळला होता. बाहेर ऊन रणरणत होतं, आत पंखा फिरत होता, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा कुणी "आई, माझी वही कुठंय?" असं ओरडत नव्हतं.

पुढचं थोडक्यात सांगतो. आपण शिवलेला कपडा चुकला की टेलरला ते गिऱ्हाइकाच्या आधी कळतं. धनराजला कळलं. त्याने दोन्ही बाजूंनी ओढून पाहिलं, पण इथे पिन मारायची सोय नव्हती. विजयश्रीने मान तिरकी करून पाहिलं, गिऱ्हाईक आरशासमोर उभं असताना पाहावं तसं, आणि शांतपणे म्हणाली, "खांद्यावरनं उतरायलंय."

"थांब जरा, बसंल."

"बसंल कशाला? ह्यात अजून एक माणूस मावंल."

धनराज काही बोलणार तोच दारावर थाप पडली. "विजयश्री! अगं हायस का?"

गुरुजीच. धनराजने चादर डोक्यावरून ओढून घेतली. विजयश्री पदर सावरून बाहेर गेली, आणि पातळ भिंतीपलीकडचं प्रत्येक अक्षर त्याला ऐकू येऊ लागलं.

"अगं, हे चष्म्याचं घर लई ढिलं झालंय. वाकलं की चष्मा पडायलाय. आज रस्त्यात पडला. बघ, दुसरी काच बी गेली!"

"असं कसं गुर्जी? माप तर ह्यांनीच घेतलं ना तुमच्या चष्म्याचं?"

"कुठलं घेतलंय! हात बी लावला न्हाई चष्म्याला. आत पडद्यात एकलाच काय तर करत होता, बाहेर आला आन् लिवलं."

चादरीखाली धनराजने डोळे मिटले.

"चष्मा आन् पिशवी ठिवून जावा गुर्जी," विजयश्री म्हणाली. तिचा आवाज विचित्र येत होता. "करून देते."

ती आत आली. एका हातात मखमली पिशवी, दुसऱ्या हातात खिळ्यावरून काढलेली चिठ्ठी. पलंगावर पार्सलचा डबा उघडा पडला होता, त्यावर ठळक अक्षरांत एक्स्ट्रा लार्ज छापलेलं. तिने डबा पाहिला, पिशवी पाहिली, चिठ्ठी वाचली. मग चादरीचं टोक उचललं.

"अवो, एक विचारते. चष्मा धुतल्यावर आटतो व्हय?"

धनराजने चादर पुन्हा तोंडावर ओढली.

"सांगा की. आटायला अर्धा कामून धरलाव?"

"सवय गं," तो म्हणाला.

विजयश्री जमिनीवर बसली आणि हसायला लागली. पदर तोंडात कोंबून हसली, भिंतीला टेकून हसली, गजरा सुटून मांडीवर पडेपर्यंत हसली. "मी मखमल लावली वो त्येला!" एवढं तिला कसंबसं बोलता आलं, आणि पुन्हा सुरू. धनराज आधी रागावला, मग त्यालाही हसू आवरेना. तिला असं हसताना त्याने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. डोकं धरून बसलेली विजयश्रीच त्याच्या नजरेला सवयीची झाली होती, आणि ते आठवून हसता हसता त्याचे डोळे ओले झाले.

"मला लाज वाटायली होती गं," तो म्हणाला. "सात वर्षं तू सोसलंस. म्हटलं, निदान आपलं काम तरी पक्कं करावं."

"मला विचारायचं की मग," ती डोळे पुसत म्हणाली. "बारा वर्षांचं गिऱ्हाईक. मला माप ठाऊक न्हाई व्हय?"

तिने उठून बटणांचा डबा उघडला आणि शरणम्मा अक्काचं सरकारी पाकीट त्याच्या हातावर ठेवलं. धनराजने तोंड उघडलं.

"रेडीमेड म्हणू नका," ती म्हणाली.

तो म्हणाला नाही. आणि ते बसलं हो. तंग नाही, सैल नाही, कुठे चुणी नाही. जिल्ह्यातल्या सगळ्या बाप्यांना एकच असणारं ते माप धनराज टेलरला असं बसलं, जसं काही त्याला समोर उभं करूनच बेतलं होतं. दाराशी ठेवलेली बॅग संध्याकाळी विजयश्रीने रिकामी केली.

मग पडद्यामागची सगळी हकीकत त्याच्याकडून काढून घेत तिने पिशवी मशीनवर घेतली. "सैलपणाचा अर्धा काढला. आटायचा अर्धा काढला. आन् हे आठवणीनं धरलेलं," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "हे बी काढलं." उरलेल्यात तिने चष्मा घालून पाहिला. उलटा धरून हलवला तरी पडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी आले, पिशवी गळ्यात घातली, तीन वेळा वाकून पाहिलं आणि खूश झाले. तासाभराने परत आले ते सगळी म्हातारी मंडळी घेऊनच. गुरुशांतप्पा सावकार सगळ्यांत पुढे.

"धनराज, आमच्या सगळ्यांना शिवून पायजेत. सहा नग. मखमलच लाव."

"माप?" धनराजने हळूच विचारलं. शेजारचं मशीन एकदम थांबलं.

"विजयश्रीनं दाबून दिलं तेच लिव. आमच्या सगळ्यांचे चष्मे सारखेच हायत, तेच बसतंय समद्यांना," गुरुजी म्हणाले. "ते पयलं माप घेऊ नगंस. पयलं ज्या कुणाचं व्हतं, त्यो लई फुशारक्या मारणारा दिसतोय."

धनराजने चिठ्ठी ओढली, मान खाली घातली आणि माप लिहिलं. आटायला काही धरलं नाही.