कुपी क्रमांक एक

विज्ञानात आजारी माणूस हवा तेवढा मिळतो. टंचाई असते ती निरोगी माणसाची. तो प्रयोगशाळेकडे फिरकत नाही, आणि हाच त्याच्या निरोगीपणाचा पुरावा होय. म्हणून अठ्ठावीस वर्षांपूर्वी मॅडमनी पदर खोचला (अंगावर पांढरा कोट होता, तरीही) आणि तुलनेसाठी स्वतःचंच रक्त काढून दिलं. कुपीवर चिठ्ठी लागली: ‘क्रमांक एक. निरोगी.’ मॅडमचे वडील चव्वेचाळिसाव्या वर्षी बूट घालता घालता गेले आणि काका एक्केचाळिसाव्या वर्षी जिन्यात, ही बाब फॉर्ममध्ये आली नाही. तसा रकानाच नव्हता. (फॉर्म मॅडमनीच बनवला होता.)

मॅडमचा विषय स्नायू. तो आकसतो कसा, सैलावतो कसा, आणि काही घराण्यांत हृदयाचा स्नायू पिढ्यान्‌पिढ्या जाड होऊन एके दिवशी न सांगता का थांबतो, यावर त्यांचे त्रेसष्ट शोधनिबंध आहेत. पद्धत सोपी. आलेल्याचं रक्त कुपी एकशी ताडायचं. जुळलं तर निर्दोष. न जुळलं तर दोषी. पळणं बंद, गोळ्या सुरू. दोषींपैकी शेकडा सत्त्याण्णव ठणठणीत राहिले, हे गोळ्यांचं यश मानण्यात आलं. निर्दोषांपैकी काही अचानक गेले; पण निर्दोष असल्यामुळे त्यांची नोंद या विभागात होत नाही.

परवा मॅडमची लेक आईचा विसरलेला चष्मा द्यायला आली आणि दुसऱ्या मजल्यावर भिंतीला टेकली. वय छत्तीस.

“आई, थांब गं, जरा दम खाऊ दे.”

मॅडमनी तिथल्या तिथे तिचं रक्त घेतलं. संध्याकाळी सहायक रिपोर्ट नाचवतच आला. “मॅडम, कुपी एकशी जुळतंय. सुटलो.”

कुपीत कोण आहे, हे मॅडमना एकट्यांनाच ठाऊक होतं. त्यांना भीती वाटली, आणि ती पहिल्या दिवसापासूनच वाटत होती हेही कळलं. निरोगी म्हणून चिठ्ठी लावलेल्या माणसाला कुणी तपासत नाही. कुपी त्यासाठीच तर भरली होती.

लगेच त्यांनी लेकीला हृदयाच्या डॉक्टरकडे नेलं. हृदयाची भिंत जाड निघाली. वेळेत कळलं, उपचार सुरू आहेत.

मग मॅडमनी संस्थेला लेखी कळवलं: ‘निरोगी नमुना आजारी आहे.’ समितीने तीन बैठका घेऊन निर्णय दिला की नमुना क्रमांक एक हा व्याख्येनेच निरोगी असल्याने तक्रार ग्राह्य नाही. तथापि मॅडमना बरं वाटत नसल्यास रजा मिळेल.

त्या रजेत मॅडमनी अकराशे चाळीस निर्दोषांना स्वतःच्या हाताने पत्रं लिहिली: पुन्हा तपासून घ्या. नऊ जण आले. बाकीच्यांपैकी ज्यांनी उत्तर दिलं त्यांचं म्हणणं एकच: रिपोर्ट चांगला आलाय, आता उगाच कशाला नाट लावता?

लोक कसे असतात, नाही? तुमच्याही कपाटात, विम्याच्या कागदांखाली, एक रिपोर्ट आहे. त्यावर ‘नॉर्मल’ लिहिलंय. कुणाच्या मानाने, ते तुम्ही विचारलं नव्हतं. मॅडमचं पत्रही तिथेच असेल बघा, न फोडलेलं.