अल सद्दमधली जपानी आळी

चांदवडकर काका दर शुक्रवारी सकाळी वाळवंट झाडायचे. त्यांच्या मते तो आमच्या इमारतीपुढचा फुटपाथ होता, पण फुटबॉल वर्ल्ड कपच्या तयारीच्या त्या वर्षांत दोह्यात या दोहोंत फारसा फरक उरला नव्हता. अल सद्दमधला जो रस्ता बघावा तो खणलेला. सकाळी ज्या गल्लीतून ऑफिसला जावं ती संध्याकाळी परत येताना जागेवर नसायची. धूळ चारी बाजूंनी यायची आणि काका ती शांतपणे लोटत असायचे. वारा आला की थांबायचे, वारा गेला की पुन्हा पहिल्यापासून सुरू. तिथला नेहमीचा झाडूवाला पहिल्यांदा हे बघून इतका घाबरला, की आपलं काही चुकलं का, असं आमच्या वॉचमनला विचारून गेला.

"काका, उद्या परत धूळ येणारच ना?" मी एकदा म्हटलं.

"येणारच. जपानात लोक आपल्या दारापुढचं झाडतात आणि शेजाऱ्याचं वीतभर जास्त. त्याहून जास्त नाही. तो ओशाळतो."

काका मूळचे नाशिककडचे, गॅसच्या कामातले इंजिनियर. दोह्याला येण्याआधी काही वर्षं ते काकूंसह जपानमधल्या एका लहान बंदरगावात राहिले होते. तिथे गॅसची जहाजं बांधत. काकू पुढे वारल्या. काका आमच्या मजल्यावर एकटेच राहायचे, आणि एकट्यानेच त्यांनी ठरवलं की या इमारतीची जपानी आळी करायची. इमारतीत मल्याळी, इजिप्शियन, पाकिस्तानी, आणि मराठी म्हणजे काका आणि आम्ही. जपानी कोणीच नव्हतं.

सुरुवात फिरत्या पाटीने झाली. पुठ्ठ्याला चिमटा, चिमट्यात कागद, कागदावर आळीच्या बातम्या: पाण्याची टाकी धुणार आहेत, तिसऱ्या मजल्यावर मुलगी झाली, उद्या मागचा रस्ता बंद. वाचून सही करायची आणि शेजारच्या दारात नेऊन द्यायची.

"त्यापेक्षा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करू ना," माझा नवरा म्हणाला.

"व्हॉट्सअ‍ॅपसाठी कोणी दार उघडत नाही रे," काका म्हणाले, आणि पाटी त्याच्या हातात देऊन गेले.

मग गच्चीवरचा जपानी व्यायाम आला. टाक्या आणि डिश अँटेनांच्या मधे काका पुढे, आम्ही मागे, हात वर, हात खाली. माझी मुलगी "आई, धिस इज सो एम्बॅरसिंग" म्हणत घरीच थांबली. पण समोरच्या फ्लॅटमधले अबू करीम, चांगले आडवे गृहस्थ, नेमाने यायचे आणि खाली वाकायची वेळ आली की काकांना जपानी थाटात "खलास, चांद-सान" म्हणून खुर्चीत बसायचे.

कशाचंही नवल वाटलं की काका जपानीत "आरा मा" म्हणायचे आणि हसताना तोंडावर हात धरायचे. पुढचा एखादा दात पडला असेल, असं मला वाटायचं. वर्षभरात सगळी इमारत "आरा मा" म्हणायला लागली. लिफ्ट बंद पडली की आरा मा, भाडं वाढलं की आरा मा.

आणि मग खरोखरचं जपानी जोडपं राहायला आलं. नवरा मेट्रोच्या कामावर, बायको तिशीची. आडनाव मोरी. पाटीवर ते वाचून मी फिस्सकन हसले.

"हसू नकोस," काका म्हणाले. "मोरी म्हणजे अरण्य. आणि त्यांच्यासमोर आपली मोरी तुंबल्याचा विषय काढू नकोस."

इमारतीला फार उत्सुकता होती. आता चांद-सान कसे घडाघडा बोलतील ते ऐकायचं. काकांनी नवा शर्ट घातला, सगळ्यांना चहाला बोलावलं, कमरेत वाकून मोरीबाईंना एक लांबलचक वाक्य ऐकवलं. बाई जरा चकित झाल्या आणि भराभर काहीतरी बोलल्या. काकांनी नुसती मान डोलावली. त्या पुन्हा बोलल्या, सावकाश. काकांनी तोंडावर हात धरला आणि म्हणाले, "आरा मा." मोरीसाहेबांनी चेहरा कपात घातला. बाईंना हसू आवरेना.

"व्हॉट डिड शी से?" अबू करीमनी विचारलं.

"प्रांताप्रांताचा फरक असतो," काका म्हणाले.

बाईंनी मग इंग्रजीत सांगितलं की तो व्यायाम त्यांनी शाळेनंतर केलेला नाही, आणि टोकियोत त्या राहायच्या त्या टॉवरमध्ये शेजारी कोण राहतं हे त्यांना कधी कळलंच नाही. त्यांच्या बोलण्यात खोडी काढायचा हेतू नव्हता. पण काकांचा चेहरा उतरला. पुढच्या शुक्रवारी फुटपाथवर कोणी नव्हतं. पाटीही निघाली नाही. अबू करीम गच्चीवर जाऊन एकटेच खुर्चीत बसून आले.

दोन दिवसांनी मोरीबाई लिफ्टमध्ये भेटल्या. काकांना राग आला का, असं विचारून म्हणाल्या, "मी हसायला नको होतं. पण त्यांचं जपानी माझ्या आजीसारखं आहे. पुरुष असं बोलत नाहीत. असं गावाकडच्या म्हाताऱ्या बायका बोलतात, मासळीच्या दुकानासमोर उभ्या राहून. त्यांना कोणी शिकवलं?"

मी तशीच त्यांना घेऊन काकांकडे गेले आणि आधी मराठीत सगळं सांगितलं. मला भीती होती की ते खजील होतील.

"बायकांसारखं?" त्यांनी विचारलं. "अगं, बरोबर आहे. मी कुठे शिकलो? मी पहाटे बंदरावर जायचो तो अंधार पडल्यावर यायचो. आळी सगळी तुझ्या काकूची होती. झाडायची ही, पाटी न्यायची ही, त्या आज्यांबरोबर व्यायामही हीच करायची. जेवताना मला सगळं सांगायची, त्यांचे आवाज काढून. मी आपला पेपर वाचत हूं हूं करायचो. मला तर त्या आळीतल्या एकाही माणसाचं नाव माहीत नव्हतं. ती गेल्यावर बघतो तर सगळं पाठ."

मी मोरीबाईंना इंग्रजीत थोडक्यात सांगितलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाल्या, "हवं असेल तर मी पुरुषांचं बोलणं शिकवते. अवघड नाही."

"नको," काका म्हणाले. "मला हेच येऊ दे."

चहा झाला. मोरीबाई उठायच्या बेतात होत्या तेवढ्यात काकांनी विचारलं, "नवरा साइटवर किती वाजता जातो?"

"पहाटे."

"मग दिवसभर तुम्ही काय करता?"

बाईंनी एक-दोन वाक्यं इंग्रजीत सांगितली, मग त्यांना शब्द अपुरे पडायला लागले आणि त्या आपल्या भाषेत गेल्या. बोलतच राहिल्या. मधे कुठेतरी 'लुलू' हे सुपरमार्केटचं नाव ऐकू आलं, कुठे 'टॅक्सी', एकदा डोळे पुसून झाले, एकदा हसूनही झालं. काकांचा फोन वाजला. त्यांनी तो न बघता बंद केला. त्यांना त्यातलं किती कळत होतं कोण जाणे, पण ते दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, थोडे पुढे वाकून ऐकत होते. मी बाहेर येऊन दार हळूच लोटून घेतलं.