एकशे बारा गाठोडी, एक पत्ता

सहा महिन्यांची उमेदवारी शनिवारी संपत होती आणि नोकरी कायम व्हावी असं एकही काम मोजपट्टीच्या हातून झालेलं नव्हतं. ऑफिसात त्याला सगळे मोजपट्टीच म्हणत, कारण चहा किती सेकंदांत निवतो याचा तक्तासुद्धा त्याने भिंतीवर डकवला होता.

गुरुवारी त्याला संधी दिसली. लाँड्रीसाठी केलेल्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाची चिठ्ठी म्हणजे जावास्क्रिप्ट या संगणकभाषेतला एक ऑब्जेक्ट. त्याला नाव, पत्ता अशा प्रॉपर्टी जोडायच्या. हे चार तऱ्हांनी करता येतं. मोजपट्टीने चारही तऱ्हा दहा-दहा लाख वेळा पळवून पाहिल्या. कोऱ्या चिठ्ठीची प्रत काढून तिच्यावर पत्ता चढवायला दहा लाख वेळांचे मिळून एकशे नव्वद मिलिसेकंद लागले. प्रत न काढता थेट त्या कोऱ्या चिठ्ठीवरच चढवायला फक्त चार.

"ताई, जवळजवळ पन्नासपट!" तो शेजारच्या टेबलाकडे वळून ओरडला.

ताई ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या प्रोग्रॅमर. "अरे, पण प्रत काढायची पद्धत कोणी उगीच ठेवली असेल का?"

"सवय असते, ताई. जुन्या माणसांची."

"ती जुनी माणसं म्हणजे मी."

पण तोवर त्याने बदल चढवलाही होता. साहेबांना त्यातलं "पन्नासपट" एवढंच कळलं, आणि ते खूश झाले.

शनिवारी दहा वाजता साहेबांचा फोन वाजला. पलीकडे त्यांच्या सासूबाई होत्या. आवाज इतका खणखणीत की सगळ्या ऑफिसला ऐकू आला.

"जावईबापू, माझी एक चादर धुवायला गेली होती. परत किती यायला हव्यात?"

"एक, आई."

"मग जिन्यावर ही गाठोडी कुणाची? खाली टेम्पो अजून रिकामा होतोय!"

गाठोडी पोचवणाऱ्यांचा दोष नव्हता. चिठ्ठी वाचा, डोकं चालवू नका, अशी लाँड्रीवाल्याची त्यांना सक्त ताकीद होती.

ताईंना घोळ मिनिटात सापडला. सगळ्या चिठ्ठ्या तयार झाल्यावर एकदम छापल्या जात. प्रत निघायची बंद झाल्यामुळे एकशे बारा गिऱ्हाइकांचे पत्ते एकाच चिठ्ठीवर एकावर एक चढत गेले होते. उरला तो यादीतला शेवटचा, सासूबाईंचा. छापताना तोच एकशे बारा वेळा छापला गेला.

"आणि वेळ किती वाचला?" साहेबांनी विचारलं.

मोजपट्टीने प्रामाणिकपणे हिशेब केला. "सेकंदाचा पन्नास हजारावा भाग, साहेब."

"मग त्या वाचलेल्या वेळात तिकडे जा आणि ज्याचं गाठोडं त्याला देऊन ये. तुझं कायम नोकरीचं पत्र माझ्या खणात आहे. द्यायचं की फाडायचं, ते तू आल्यावर बघू."

मोजपट्टी धापा टाकत पोचला. सासूबाई जिन्याच्या तोंडाशी स्टूल टाकून बसल्या होत्या. लाँड्रीची सगळी गिऱ्हाइकं त्यांच्याच आळीतली, आणि तीस वर्षं त्यांनी त्या आळीचे कपडे शिवले होते.

"हा सदरा वकिलांचा. बाही आखूड केलीय ती मीच. हे पडदे दातांच्या डॉक्टरीणबाईंचे, शिलाई माझीच. बघतोस काय? हाका मार सगळ्यांना!"

आळी जिन्यावर लोटली. वकील आले, डॉक्टरीणबाई आल्या. कुणी गाठोडं घेऊन लगेच गेलं नाही, सगळे गप्पा मारत उभे राहिले. दीड तासात जिना मोकळा झाला.

"आजी, दीड तास म्हणजे गाठोड्यामागे अठ्ठेचाळीस सेकंद," मोजपट्टीच्या तोंडून निघून गेलं.

"तू मोजतच बस." त्यांनी फोन उचलला. "जावईबापू, या पोराला कायम करा."

"आई, अहो, त्यानेच तर…"

"दोन वर्षांत तुम्ही कितीदा आलात माझ्याकडे? याने एका सकाळी अख्खी आळी आणली."

साहेबांनी खण उघडला, पत्रावर सही केली. मात्र एक अट घातली: जुनी पद्धत आजच्या आज परत आली पाहिजे. मोजपट्टीने ती आणली, ताईंकडून दोनदा तपासून घेतली. पुढच्या शनिवारी एकशे बारा गाठोडी एकशे बारा दारांत बिनचूक पोचली.

दहा वाजता फोन मात्र आलाच, आणि या वेळी थेट मोजपट्टीसाठी.

"काय रे," सासूबाई काळजीने म्हणाल्या, "आज माझ्याकडे एकच गाठोडं आलं. बिघडलंय का काही?"