काटल्याशिवाय वाटायचं न्हाई

आमचे शेजारी निवृत्तीतात्या मोबाईलवर पत्ते खेळायला बसले की शेजारी खराखुरा पत्त्यांचा कॅट ठेवतात. मोबाईलवर वाटपाचं बटण दाबण्याआधी तो कॅट माझ्यापुढे धरतात आणि म्हणतात, "सर, काटा." मी निमूटपणे काटतो. मग तात्या मोबाईलला दरडावतात, "हां, आता वाट!"

जन्मभर शाळेत गणित शिकवलेला माणूस केडगावात रोज संध्याकाळी हा उद्योग करतो, हे माझ्या विद्यार्थ्यांना कळू नये एवढीच देवाकडे मागणी आहे.

तात्या मूळचे शेवगावचे. मार्केट यार्डात मापाडी होते. दुसऱ्यांचा माल जोखण्यात उमर गेली, त्यामुळे विश्वास हा प्रकार त्यांना ठाऊकच नाही. देवळातला प्रसादसुद्धा तळहातावर तोलून बघतात. "गोनीच्या तोंडाला कांदा चांगलाच असतोय, सर. हात मधी घालून बघायचा!" हे त्यांचं पालुपद.

पुण्याला जाताना मुलाने त्यांच्या मोबाईलमध्ये मेंढीकोट घालून दिला. पैशाचा मामला नाही, नुसती करमणूक. चार दश्श्यांपैकी जास्त ओढेल ती जोडी जिंकली. तात्या एकटे, बाकीचे तिघं गडी मोबाईलच्या पोटातले. तिथेच ठिणगी पडली.

"सर, दश्शी येतच न्हाई आपल्याला. आत कुनीतरी बसून पत्ते बघतंय."

"अहो तात्या, आत कोण बसणार? पत्ते आपोआप पिसले जातात."

"आपोआप? मग काटलं कुनी? काटल्याशिवाय वाटतोय म्हंजे लबाडच हाय!"

आता, निवृत्तीनंतर मला घरात कुणी काही विचारत नाही. भाजीचा हिशेबसुद्धा सूनबाई मोबाईलवर करते. अशा माणसाला आयता विद्यार्थी सापडला! मी हातवारे करून संभाव्यता शिकवली. तात्या चहा टाकायचे, मान डोलवायचे, "पटलं" म्हणायचे, आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा, "पर सर, काल बघा..." की आमची जुंपलीच. आमची ही म्हणायची, "दोघांचंही डोकं तपासून घ्या एकदा."

शेवटी मी हट्टाला पेटलो. वाण्याकडच्या कॅलेंडरच्या पाठीवर, तात्यांना प्रत्येक डावात किती दश्श्या आल्या त्याच्या रेघा मारत बसलो. चार दश्श्या, चार गडी, म्हणजे सरासरी डावाला एक. आणि अगदी तेवढीच येत होती! निकालपत्रासारखं ते कॅलेंडर मी त्यांच्यापुढे पसरलं. "बघा! मोबाईल प्रामाणिक आहे. तुमच्या लक्षात फक्त वाईट डाव राहतात."

तात्यांनी रेघांवरून बोट फिरवलं. "बरोबर हाय, सर," एवढंच म्हणाले. कॅटाला रबर लावलं आणि फडताळात ठेवून दिला.

मी घरी आलो तो छाती काढून. पण दुसऱ्या संध्याकाळी हाक आली नाही. तिसऱ्याही नाही. मी अंगणात उगाच खाकरलो, ओल्या कुंड्यांना पुन्हा पाणी घातलं. ही म्हणाली, "जिंकलात ना? मग बसा आता." काय सांगू, अगदी करमेना झालं हो.

शेवटी मीच गेलो. तात्या ओट्यावर बसले होते. मोबाईल बाजूला पालथा.

"खेळत नाही?"

"भांडान मिटलं. आता कशाला खेळायचं?" मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "खरं सांगू का, सर? पत्ते नीट येत्यात हे मला लई आधी कळलं हुतं. जलम यार्डात गेला माजा. पर नीट येत्यात म्हनलो असतो, तर तुमी रोज कशाला आला असता? पोरगं तिकडं. संध्याकाळचं घर खायला उठतंय बगा."

एवढी संभाव्यता शिकवली आणि समोरचा माणूस कशासाठी भांडतोय हे मला कळलं नव्हतं. वर स्वतः कशासाठी जात होतो, तेही नाही.

"तात्या," मी म्हणालो, "माझ्या रेघांत चूक आहे. मी वरवर बघितलं. हात मध्ये घातलाच नाही."

तात्यांनी डोळे बारीक करून मला नीट जोखलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठले. "म्या म्हनलं हुतं नव्हं, लबाड हाय म्हनून! थांबा, आधी चहा टाकतो."

आतून फडताळ उघडल्याचा आवाज आला. तात्या कॅटाचं रबर काढतच बाहेर आले.

"सर, काटा."

मी अगदी मधोमध काटला.