पोच वाढवण्याबाबत

दूरचं स्पष्ट दिसावं ही मनुष्यमात्राची सनातन आकांक्षा आहे. जवळचं काय, कुणालाही दिसतं. त्यात कसलं आलंय कर्तृत्व? हे तत्त्व ध्यानी घेऊन इंदूरच्या सुदामा नगरात आमचं वन्यजीव छायाचित्रण मंडळ स्थापन झालं आणि पहिल्या दिवसापासून मी त्याचा चिटणीस आहे. सभासद सतरा. सतराही जण सज्जन, नोकरदार आणि दुसऱ्याच्या लेन्सवर डोळा ठेवणारे.

लेन्स किती लांबचं ओढून जवळ आणते, त्याला इंग्रजीत रीच म्हणतात. मराठी मंडळ म्हटल्यावर मराठी शब्द हवा, म्हणून आम्ही एका रविवारी साडेतीन तास बसून ‘पोच’ हा शब्द मुक्रर केला. (कागद मिळाल्याच्या सहीशिक्क्यालाही पोच म्हणतात आणि कुठे कसं वागावं या अकलेलाही पोचच म्हणतात, अशी हरकत एका सभासदाने घेतली होती. ती बहुमताने फेटाळली.) तेव्हापासून कुणाला किती पोच आहे हे आमच्यात मिलिमीटरमध्ये सांगता येतं. विजय नगरात आयटी कंपनीत असलेला बंटी हा आमचा तंत्रप्रमुख. त्याला चारशेची पोच आहे. मला तीनशेची. अध्यक्ष शामराव पारनेरकर यांना अद्याप अजिबात नाही.

म्हणजे त्यांना वन्यजीवांचं प्रेम नाही, असं समजू नका. त्यांचे आजोबा संस्थानच्या शिकारखान्यात कारकून होते. त्यांनी जिवंत वाघ कधी पाहिला नाही, पण मेलेले सगळे त्यांच्या सुवाच्य अक्षरात नोंदलेले आहेत. असं रक्त अंगात असल्यावर माणूस उठून कुठलीही लेन्स कशी घेईल? शामराव तीन वर्षांपासून निवड करून राहिलेत आणि प्रकरण आता सहाशेची की आठशेची, इथवर आलेलं आहे. सहाशेची उजेड बरा घेते. आठशेची लांब जाते, पण ढग आला की रडते. या विषयावरचे एकशे त्रेचाळीस व्हिडिओ त्यांनी पाहिले. त्यातल्या एकशे चाळीसांचा निष्कर्ष ‘तुमच्या गरजेवर अवलंबून’ असा होता. उरलेल्या तिन्हींत नुसता खोका उघडून दाखवला होता, आणि तेच तीन त्यांना पटले. दोन्ही लेन्सा भाड्याने आणून गच्चीवरून चाचण्याही झाल्या. एकूण छायाचित्रं दोन हजार तीनशे बारा. त्यांपैकी पाण्याच्या टाक्या एक हजार आठशे चाळीस, मोबाइलचे टॉवर चारशे त्रेसष्ट आणि वन्यजीव नऊ. (नऊपैकी सहा गल्लीतली कुत्री. उरलेले तीन कोण, हे ठरायचंय.)

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मार्चमध्ये बेबीआत्या आल्या. या शामरावांच्या सख्ख्या आत्या, मागच्याच गल्लीत पहिल्या मजल्यावर एकट्या राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. पस्तीस वर्षं रेल्वेच्या पार्सल ऑफिसात काढल्याने त्यांच्या बोलण्यात प्रस्तावना नसते.

“शाम, तुमचं ते मंडळ आहे ना? मग ऐका. माझ्या गॅलरीसमोरच्या कडुनिंबात धनेशाची मादी बसलीय. बाळंतीण आहे. ढोलीचं तोंड लिंपून घेऊन आत कोंडून बसते ती, नुसती एक फट ठेवते. नवरा बाहेरून उंबरं आणून भरवतो तिला. आणि नालीसाठी ते झाड पाडून राहिलेत! नोटीस चिकटवलीय खोडाला. पंधरा दिवसांत फोटो जोडून हरकत द्यायची. एक फोटो काढा रे, बस.”

“आत्या, टेन्शन नको,” बंटी म्हणाला. “अपन आहोत ना!”

मंडळाने विषय तत्काळ हाती घेतला. तिसऱ्या दिवशी स्थळपाहणी झाली. चहा झाला, शेव झाली, नर दोनदा येऊन भरवून गेला. तेवढ्यात बंटीने टेपने अंतर मोजलं आणि गंभीर अडचण उघडकीस आली. गॅलरीच्या कठड्यापासून ढोली सात फुटांवर. आमच्या विचाराधीन दोन्ही लेन्सा आठ फुटांच्या अलीकडचं काही बघतच नाहीत. (बंटीची किंवा माझी लेन्स अध्यक्षांच्या आधी बाहेर काढणं शिष्टाचाराला धरून नव्हतं.)

“भिया, बर्ड गलत जगह बैठा है,” बंटी म्हणाला.

वन्यजीवाने छायाचित्रकारापासून किती अंतरावर राहावं याचे काही संकेत आहेत. ते या पक्ष्याने पाळलेले नव्हते. तरीही मंडळाने मन मोठं करून उपाय शोधले. आत्यांनी गॅलरीचं दार काढून द्यावं, म्हणजे मागे सरकून स्वयंपाकघरातून काढता येईल. (आत्यांनी नकार दिला. वयोमानाने सहकार्य कमी होतं.) किंवा रस्त्यापलीकडच्या इमारतीच्या गच्चीवरून काढावं. तिथे वारा फार, म्हणून पोलोग्राउंडच्या वर्कशॉपमध्ये लोखंडी स्टँड करायला टाकला. तो आला तेव्हा अकरावा दिवस होता आणि स्टँड गच्चीच्या जिन्यात मावत नव्हता.

“अरे, मोबाइलने काढा की मग!” आत्या म्हणाल्या.

सगळी सभा आत्यांकडे वळून बघू लागली. भजन रंगात आलेलं असताना कुणी ‘त्यापेक्षा टेप लावा’ म्हणावं, तशी. शामरावांनी आत्यांना समजावलं की हे शास्त्र आहे, यात घाई चालत नाही, आणि आठशेची लेन्स पुढल्या आठवड्यात पुन्हा भाड्याने मिळायची शक्यता आहे.

चौदाव्या दिवशी म्हातारीने गॅलरीत उभं राहून मोबाइलने फोटो काढला. फटीतून मादीची चोच बाहेर, नराची चोच तिच्या चोचीजवळ, मधे उंबर. दोन सिटी बस बदलून त्या संबंधित कार्यालयात गेल्या (नाव घेत नाही, आम्हाला पुढेही अर्ज करायचे आहेत). अर्ज दिला आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडली नाही. ती पोच त्यांनी शामरावांच्या नाकासमोर धरली. “ही बघ. ही मिळाली मला, सात फुटांवरून.”

कार्यालय नियमाने चालणारं असल्याने त्यांनी तो फोटो तज्ज्ञ संस्थेकडे अभिप्रायाला पाठवला. तज्ज्ञ संस्था म्हणजे आम्ही. मंडळाच्या इतिहासातला तो सोन्याचा दिवस! सतराच्या सतरा सभासद हजर होते. फोटो भिंतीवर मोठा करून पाहिला. सावल्यांत दाणे दिसत होते, आभाळ पांढरं जळालं होतं, पिसं सुटी मोजता येत नव्हती. ‘सदर छायाचित्रावरून प्रजाती निश्चित करता येत नाही,’ असा अभिप्राय मी स्वतः, ऱ्हस्वदीर्घ तपासून लिहिला. तो धनेश आहे हे आम्हाला माहीत नव्हतं का? होतं. आम्ही त्याच्यासमोर बसून शेव खाल्ली होती. पण माहीत असणं वेगळं आणि फोटोत सिद्ध होणं वेगळं. उद्या कुणीही उठून मोबाइलने झाडं वाचवू लागलं, तर लेन्स कोण घेणार? अभिप्राय मिळाल्याची पोच कार्यालयाने त्याच दिवशी दिली.

झाड मंगळवारी पाडलं. मंडळ पहाटेपासून पलीकडच्या गच्चीवर तयार होतं, दोन्ही लेन्सा भाड्याने आणून, म्हणजे तुलना होऊन जाईल. आत्या खाली खोडाला पाठ लावून उभ्या राहिल्या, पोचेचा कागद दाखवत राहिल्या. दोन महिला कर्मचाऱ्यांनी त्यांना दंडाला धरून बाजूला बसवलं. (हा फोटो थोडा हलला आहे. शामरावांनी नेमकी तेव्हा नजर वळवली, असं ते म्हणतात. बंटीच्या मते स्टॅबिलायझर बंद होता.) फांद्या पडल्या, मग खोड पडलं. ढोली खालच्या बाजूला आली.

नर त्यानंतर चार दिवस येत होता. कडुनिंब जिथे होता तिथे, हवेत, चोचीत उंबर घेऊन घिरट्या घालायचा आणि समोरच्या विजेच्या तारेवर बसायचा. गच्चीपासून अंतर दोनशे दहा फूट, सकाळचा सोनेरी उजेड, मागे मोकळं आभाळ. आता कसा शिस्तीत बसला! त्या फोटोत उंबराच्या सालीवरचे ठिपके मोजता येतात. मी मोजले आहेत. एकतीस आहेत.

त्याच आठवड्यात शामरावांची निवड झाली, लेन्स घरी आली, खोका रीतसर उघडला गेला. फोटोला ‘प्रतीक्षा’ हे नाव देऊन प्रदर्शनात मधोमध लावला. चारशे बारा लोक येऊन गेले. चारशे अकरांनी एकच प्रश्न विचारला, लेन्स कोणती? चारशे बाराव्या बेबीआत्या होत्या. त्या फोटोसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “चिटणीस, खोड पडल्यावर ढोलीत कुणी हात घालून बघितलं का रे?”

हा प्रश्न छायाचित्रणाच्या कक्षेत येत नसल्याने नोंदवून घेतलेला नाही.

तुम्ही मात्र इथवर चिकाटीने वाचलंत, तेव्हा तुमचा प्रश्न मी ओळखून आहे. लाजू नका, सगळेच विचारतात. आठशेची घेतली. कळल्याची पोच द्यावी, असल्यास.