दातार काकांचा राहता पुरावा

आमच्या वास्तुशांतीला दातार काकांनी हातात पाकीट ठेवलं. त्यात एकवीस डॉलर नव्हते, काउंटीच्या कचेरीतला एक कोरा फॉर्म होता. भरायच्या जागी पिवळे कागद चिकटवलेले, सहीपाशी पेन्सिलीची फुली. "होमस्टेडचं, म्हणजे राहत्या घराला कायद्याचं संरक्षण मिळवायचं, डिक्लेरेशन आहे. सोमवारी नोटरीकडे जा आणि रेकॉर्ड करून टाक," त्यांनी गुरुजींसमोरच बजावलं. गुरुजींनी दक्षिणेच्या आशेने पुढे केलेला हात मागे घेतला.

काका रिटायर्ड इंजिनियर, सत्तरी ओलांडलेले, काकू गेल्यापासून एकटे. फ्रीमाँटच्या टाउनहाउसमध्ये त्यांची आणि आमची भिंत एकच. गावात कुणी मराठी माणूस घर घेतोय अशी कुणकुण लागली की काका पेढे वाटायच्या आत हजर. मग व्याख्यान. बँकेचा हप्ता थकवला तर बँक घर घेणारच, तिथे हा कायदा उपयोगाचा नाही. पण बाकी कुणी कोर्टाचा हुकूम घेऊन आला, तर घर विकून ठरावीक रक्कम आधी तुझ्या हातात ठेवल्याशिवाय त्याला छदाम मिळत नाही. त्यामुळे बहुतेक जण विकायच्या भानगडीतच पडत नाहीत. अट एकच, घर राहतं हवं.

"तू इथे राहतोस ना? पुरावा काय?" काकांनी मला विचारलं. बायकोने दाराबाहेरच्या सतरा चपला दाखवल्या. काकांनी त्या गंभीरपणे पाहिल्या आणि म्हणाले, "चपला कोर्टात चालत नाहीत."

मी त्यांना चक्रम ठरवून मोकळा झालो होतो. खरी गोष्ट पुढे एकदा त्यांच्याच तोंडून कळली. जुन्या सहकाऱ्याच्या सांता क्लारातल्या हॉटेलच्या कर्जाला काका जामीन राहिले होते. हॉटेल बुडालं, सहकारी फोन उचलेना, आणि कोर्टाच्या निकालाचा बोजा काकांच्या घरावर येऊन बसला. बँकेचं कर्ज वजा जाता घरात काकांचं जे काही उरत होतं, ते कायद्याच्या मर्यादेत बसत होतं. म्हणून घर वाचलं. काकूंनी ज्या घरात शेवटचे दिवस काढले ते घर सोडायचं नाही, हे काकांनी पक्कं केलं होतं.

पण त्यांनी त्यातून भलताच अर्थ काढला. एक रात्र जरी बाहेर काढली तरी घर राहतं उरत नाही, असं त्यांच्या डोक्यात बसलं. मराठी मंडळाची मुक्कामी ट्रिप निघाली की काका दुपारचं जेवून परत. रात्री स्वतःच्या पलंगावर.

देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, मॉरिसव्हिलला, त्यांच्या मुलीला, मुग्धाला, मुलगी झाली. काका व्हिडिओवर बाळ बघत आणि तिकिटाचा विषय निघाला की गुडघा पुढे करत. घरावरच्या बोज्याबद्दल तिला त्यांनी अवाक्षर सांगितलं नव्हतं. चार महिन्यांनी तिने मला फोन केला. "दादा, बाबा माझ्यावर रागावलेत का?" एवढंच विचारलं आणि रडायला लागली. मला काकांचा फार राग आला.

मी एका वकीलबाईंना फी देऊन भेटलो आणि थेट काकांच्या दारात गेलो. चार दिवस पाहुणा म्हणून जाणं म्हणजे घर सोडणं नव्हे, परत यायचा इरादा असला की पुरे, असं त्यांना ऐकवलं.

"इरादा दिसतो कुठे?" काका म्हणाले. "पुरावा काय?"

"रिटर्न तिकीट," मी म्हणालो.

काका उठले. त्यांनी कपाटावरची बॅग काढायला स्टूल मागितलं.

जाताना त्यांनी किल्ली दिली. कढीपत्त्याला पाणी घालायचं आणि टेबलावरच्या वहीत रोज एक ओळ लिहायची. ती वही कधी वेळ आली तर कोर्टाला दाखवायची होती, ते इथेच राहत होते म्हणून.

पहिल्या संध्याकाळी मी ती उघडली. चार वर्षांची पानं होती, रोजची तारीख आणि खाली एक ओळ. 'घरी. कोणी आलं नाही.' 'घरी. कोणी आलं नाही. नळ दुरुस्त केला.' 'घरी. कोणी आलं नाही.' मध्येच एका पानावर, 'घरी. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं बाळ रडत होतं. बरं वाटलं.' ते बाळ आमचं. माझं नाव मी शोधलं. गेल्या वर्षभरात तीनदा सापडलं, त्यातही एकदा मी शिडी मागायला गेलो होतो. मला माझी लाज वाटली.

मी लिहिलं, 'काका मॉरिसव्हिलला, नातीजवळ. नवव्या दिवशी परत येणार.'

काका नवव्या दिवशी परत आले. मुग्धाला सगळं सांगून आले होते. तेव्हापासून ऑफिसातून आलो की मी आधी त्यांची बेल वाजवतो. पहिले काही दिवस ते दारातच विचारायचे, "काय काम काढलंस?"

"काम काही नाही, काका," मी सांगायचो. "वहीत लिहा, शेजारी आला होता."